दोन डोस आणि चौदा दिवस

१५ ऑगस्ट २०२१, रविवार. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून बंद असलेले मुंबईतले मॉल त्या दिवशी उघडले. दारावर नेहमीसारखे पिशव्या तपासणारे सुरक्षारक्षक होते, पण आता त्यांच्याकडे आणखी एक काम आले होते. येणाऱ्या प्रत्येकाचे लसीचे सर्टिफिकेट पाहायचे, दोन डोस झाले आहेत का आणि दुसऱ्या डोसला चौदा दिवस उलटले आहेत का हे तपासायचे, मगच आत सोडायचे. हीच अट आत काम करणाऱ्यांनाही होती. आणि इथेच घोडे अडले. एक-दोन दिवसांतच अनेक मॉलची शटर पुन्हा खाली आली. ग्राहक येत होते, त्यांच्या मोबाइलमध्ये सर्टिफिकेटही होते. पण कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या, बिल करणाऱ्या, लादी पुसणाऱ्या मुलामुलींकडे ते नव्हते.

ते का नव्हते, हे समजायला तारखा मांडाव्या लागतात. १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण देशात १ मे २०२१ रोजी सुरू झाले. लसच पुरेशी नसल्याने महाराष्ट्र सरकारने १२ मेच्या सुमारास या वयोगटाचे लसीकरण थांबवले आणि हाती असलेला साठा पंचेचाळिशीच्या पुढच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवला. १३ मे रोजी केंद्राने कोविशील्डच्या दोन डोसांतले अंतर वाढवून बारा ते सोळा आठवडे केले. बारा आठवडे म्हणजे चौऱ्याऐंशी दिवस. आता उलटे मोजत जाऊ. १५ ऑगस्टला मॉलच्या दारातून आत जायचे तर दुसरा डोस १ ऑगस्टपर्यंत झालेला हवा. त्यासाठी पहिला डोस ९ मेपर्यंत घेतलेला हवा. म्हणजे कोविशील्ड घेणाऱ्या पंचविशीतल्या सेल्सगर्लला संपूर्ण वर्षात मिळालेली संधी फक्त नऊ दिवसांची होती. त्या नऊ दिवसांत नोंदणीच्या कोविन पोर्टलवर स्लॉट उघडला की काही सेकंदांत भरत होता, आणि मुंबई-पुण्याची माणसे गाडी काढून खेड्यापाड्यांतल्या केंद्रांवर जाऊन लस घेत होती. जूनच्या उत्तरार्धात सर्वांसाठी लसीकरण पुन्हा खुले झाल्यावर, समजा २२ जूनला, जिने पहिला डोस घेतला, ती या अटीत २८ सप्टेंबरला बसणार होती. कोव्हॅक्सिनमधले अंतर चार ते सहा आठवड्यांचे असल्याने ती मिळालेले सुटले, पण बहुतेकांच्या वाट्याला आलेली लस कोविशील्डच होती.

मॉलचालकांच्या संघटनेने सरकारला हेच सांगितले: आमचे बहुतेक कर्मचारी याच वयाचे आहेत, त्यांनी दुसरा डोस चुकवलेला नाही, त्यांची वेळच आलेली नाही. मुलांचाही प्रश्न होता. अठराखालच्यांना तेव्हा लसच नव्हती. म्हणून १६ ऑगस्टला सुधारित आदेश निघाला आणि आधार कार्ड, पॅन कार्ड किंवा शाळेचे ओळखपत्र दाखवून मुलांना आत सोडायची मुभा मिळाली. वयाचा पुरावा दाखवून मुले आत गेली. पोटासाठी आत जाणारे मात्र बाहेर राहिले.

लसीच्या सक्तीवरचा महाराष्ट्रातला वाद आज आठवला की बहुतेकांना दोनच पक्ष आठवतात, लस मानणारे आणि न मानणारे. ऑगस्ट २०२१ ते मार्च २०२२ या आठ महिन्यांकडे नीट पाहिले तर तो वाद प्रामुख्याने दुसऱ्याच तीन गोष्टींवर झाला असे दिसते. अट पुरी करण्याची संधी सर्वांना मिळाली होती का? ती घालणाऱ्याने कायदा पाळला का? आणि अट घालण्यामागचे कारण शिल्लक आहे की नाही, हे कोणी तपासत होते का?

जगात हे प्रयोग तेव्हा सुरू झालेच होते. इस्रायलने फेब्रुवारी २०२१ मध्ये ग्रीन पास आणला. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी १२ जुलैला घोषणा केली आणि ९ ऑगस्टपासून कॅफे, रेस्टॉरंटच्या दारावर आरोग्य पास दाखवणे भाग पडले. पॅरिसच्या रस्त्यांवर दर शनिवारी मोर्चे निघू लागले. न्यूयॉर्क शहराने १७ ऑगस्टपासून रेस्टॉरंट, व्यायामशाळा आणि नाट्यगृहांत लसीचा पुरावा मागायला सुरुवात केली, तर त्याच देशातल्या टेक्सास आणि फ्लोरिडाने व्यावसायिकांना असा पुरावा मागायला मनाई केली. पण फ्रान्सच्या पासाला सुरुवातीला तीन वाटा होत्या: लस, नुकत्याच केलेल्या चाचणीचा निगेटिव्ह अहवाल, किंवा आजारातून बरे झाल्याचा दाखला. आपल्याकडे मॉलच्या आणि लोकलच्या दारात एकच वाट होती, दोन डोस आणि चौदा दिवस. ज्याची पाळी आली नव्हती त्याला चाचणी करून आत येण्याची सोयही नव्हती.

मॉलपेक्षा लोकलचा प्रश्न कितीतरी मोठा होता. मार्च २०२० मध्ये थांबलेली लोकल त्या जूनमध्ये फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी धावू लागली, १ फेब्रुवारी २०२१ पासून वेळेच्या बंधनासह सर्वांसाठी खुली झाली आणि दुसऱ्या लाटेत एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली. साथीच्या आधी रोज पंच्याहत्तर ते ऐंशी लाख लोक ज्या गाडीने जात, ती नसताना विरार, बदलापूर, कसाऱ्याहून कामावर येणाऱ्याने काय करायचे? एसटीच्या रांगेत उभे राहायचे, शेअर गाडीला पगाराचा मोठा हिस्सा द्यायचा, नाहीतर खोटे ओळखपत्र खिशात ठेवून टीसीची नजर चुकवायची. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन डोस घेतलेल्यांना तरी लोकल द्या म्हणून भाजपने स्थानकांवर आंदोलन केले. वकिलांनी दाखल केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानेही राज्याला विचारले की लस घेतलेल्यांना घरी बसवून काय साधते? म्हणजे दाखला दाखवून प्रवेश ही कल्पना सरकारने लोकांवर एकतर्फी लादली असे म्हणता येणार नाही. घराबाहेर पडायला आतुर झालेल्या लोकांनीच ती आधी मागितली होती.

८ ऑगस्टच्या रात्री मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी घोषणा केली: दुसऱ्या डोसनंतर चौदा दिवस झालेल्यांना १५ ऑगस्टपासून लोकलचा प्रवास खुला. ११ ऑगस्टपासून स्थानकांबाहेर महापालिकेची मदत कक्षाची टेबले लागली. सर्टिफिकेटची छापील प्रत आणि फोटो असलेले ओळखपत्र घेऊन रांगेत उभे राहायचे, पालिकेचा कर्मचारी क्यूआर कोड तपासून कागदावर शिक्का मारणार, तो शिक्क्याचा कागद तिकीट खिडकीवर दाखवला की मासिक पास हातात. सुटे तिकीट मिळत नव्हते. सर्टिफिकेट प्लास्टिकच्या कार्डावर छापून देण्याचा धंदा सायबर कॅफेवाल्यांनी जोरात चालवला. ज्यांना रांग नको होती त्यांच्यासाठी युनिव्हर्सल पास होता: कोविनवर नोंदवलेला मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी द्यायचा, फोटो चढवायचा. पण अनेक घरांत नंबर एकच असे, आणि एका नंबरवर तेव्हा चौघांची नोंद करता येत होती. ओटीपी येई तो मुलाच्या फोनवर, मुलगा कामावर आणि आई स्थानकाच्या बाहेर.

पास हातात आलेल्यांच्या आनंदाला मात्र खोट काढता येणार नाही. चार महिने रस्त्यावर रोज तीन-चार तास घालवलेल्या माणसाला सकाळची लोकल परत मिळाली, आणि ती लसीमुळे मिळाली. पास हवा म्हणून लसीकरण केंद्रावर गेलेलेही हजारो होते. पुढच्या लाटेत त्यांचा जीव वाचायला तो डोस उपयोगी पडला असणार, हे सक्तीला विरोध करणाऱ्यानेही मान्य केले पाहिजे.

पण कागदालाच किंमत आली की कागदाचा बाजारही होतो. ३० मे २०२१ रोजी कांदिवलीतल्या एका गृहसंकुलात लसीकरण शिबिर झाले. प्रत्येकी १,२६० रुपये भरून सुमारे ३९० रहिवाशांनी टोचून घेतले. लस घेतल्यावर साधारणपणे येणारा ताप, अंगदुखी यांतले कुणालाच काही झाले नाही आणि सर्टिफिकेटे आली ती वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावांनी, तेव्हा शंका आली. तपासात मुंबईत अशी आणखीही बनावट शिबिरे झाल्याचे उघड झाले. २,०५३ लोक फसवले गेल्याचे राज्य सरकारने उच्च न्यायालयात सांगितले. इथे माणसांकडे कागद होता आणि अंगात लस नव्हती. पैसे मोजून, रांग लावून, सगळे नियम पाळून ती फसली होती.

सक्तीची दुसरी फेरी आली नोव्हेंबरमध्ये, आणि तिने मॉलची चौकट ओलांडली. तोवर पुरवठा सुधारला होता, २१ ऑक्टोबरला देशात शंभर कोटी डोस पुरे झाले होते, पण काही जिल्हे मागे होते. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, पात्र लोकांपैकी जेमतेम ५५ टक्क्यांनी लस घेतली होती. राज्याचा आकडा ७४ टक्के होता. ३६ जिल्ह्यांत हा जिल्हा सव्विसावा. जिल्हाधिकारी सुनील चव्हाण यांनी आदेश काढला: निदान एक डोस घेतल्याचा पुरावा नसेल तर रेशन नाही, गॅस नाही, पेट्रोल नाही. अजिंठा, वेरूळ आणि बीबी का मकबऱ्यातही तोच नियम. पंपावर गाड्यांच्या रांगा आणि नळी हातात घेऊन सर्टिफिकेट विचारणारा पोऱ्या असे चित्र दिसू लागले. नियम न पाळणाऱ्या पंपाला टाळेही लागले. लसीकरण केंद्रांवर गर्दी वाढली, हे खरेच. पण मॉलमध्ये न जाता माणूस जगू शकतो, रेशनशिवाय गरिबाची चूल पेटत नाही. प्रवेशाची अट आणि अन्नाची अट या दोहोंमधली रेषा त्या आदेशाने ओलांडली, असे माझे ठाम मत आहे.

याच प्रश्नावर शिलाँगमध्ये पाच महिने आधी एक निकाल लागला होता, आणि महाराष्ट्रात तो कुणी फारसा मनावर घेतला नाही. मेघालयात काही जिल्ह्यांच्या उपायुक्तांनी दुकानदार, फेरीवाले आणि टॅक्सीचालकांना लस घेतल्याशिवाय धंदा सुरू करू नका असे सांगितले होते. २३ जून २०२१ रोजी मेघालय उच्च न्यायालयाने ही सक्ती मूलभूत हक्कांचा भंग करणारी ठरवली. पण न्यायालय तिथेच थांबले नाही. दुकानात, टॅक्सीत कर्मचाऱ्यांनी लस घेतली आहे की नाही याची पाटी ठळकपणे लावा, ग्राहकाला ठरवू द्या, असा मधला मार्ग त्याने दाखवला. कुणाची रोजी बंद झाली नाही आणि सावध राहू इच्छिणाऱ्याला माहितीही मिळाली.

२७ नोव्हेंबरला, ओमिक्रॉनची बातमी जगभर पसरत असताना, महाराष्ट्र सरकारने नवा आदेश काढला. आता प्रत्येक दुकान, आस्थापना, मॉल, कार्यक्रम आणि सार्वजनिक वाहतूक पूर्ण लसीकरण झालेल्यांसाठीच. नियम मोडणाऱ्या व्यक्तीला ५०० रुपये दंड. तीच व्यक्ती ज्या दुकानात सापडेल त्या दुकानाला १०,००० रुपये. आणि संस्थेनेच नियम पाळले नाहीत तर ५०,००० रुपये. वैद्यकीय कारणाने लस घेता न येणाऱ्यांना दाखल्यासह आणि मुलांना सूट होती. व्यापाऱ्यांनी विरोध केला तो लसीला नाही, या दंडाच्या उतरंडीला. गल्लीतल्या किराणा दुकानात मालक एकटा असतो. तो वजन करणार, उधारीची वही लिहिणार की गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधला क्यूआर तपासणार? चुकले गिऱ्हाइकाचे तर पाचशे, आणि त्याला साखर दिली म्हणून दुकानदाराला वीसपट. सरकारने अंमलबजावणीचे काम दुकानदाराच्या माथी मारले आणि शिक्षाही त्यालाच मोठी दिली. प्रत्यक्षात बहुतेक दुकानांत कुणी काही विचारले नाही. मॉलमध्ये तपासणी चालली, कारण तिथे पगारी रखवालदार होते.

महाराष्ट्राला असा दाखला नवा नव्हता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा आला, जो २०२० मध्येही कामी आला. पुण्यात प्लेग कमिशनर रँडच्या पथकांनी घरे उघडून माणसे बाहेर काढली आणि त्यातून उसळलेल्या संतापाची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेल्या जीवघेण्या हल्ल्यात झाली. जबरदस्तीने लोक साथीपेक्षा सरकारला जास्त भितात, हा धडा इंग्रजांनी पुढे काही प्रमाणात घेतला. प्लेगची लस टोचून घेणाऱ्यांना दाखले देऊन विलगीकरणातून सूट देण्याचा मार्ग त्यांनी वापरला. टोचून न घेणाऱ्याला शिक्षा करण्यापेक्षा टोचून घेणाऱ्याला जाच कमी करणे लोकांच्या गळी उतरते, हे सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्याच मातीत कळून चुकले होते. ऑगस्टमधली लोकलची सवलत त्या धर्तीवरची होती. नोव्हेंबरचे दंड त्या शहाणपणापासून दूर गेले.

जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉनने मुंबई व्यापली. ७ जानेवारीला एका दिवसात २०,९७१ नवे रुग्ण नोंदले गेले; दुसऱ्या लाटेतला सर्वांत मोठा आकडा ११,१६३ होता. जवळपास दुप्पट रुग्ण, तरीही रुग्णालयांत खाटेसाठी आणि ऑक्सिजनसाठी आधीच्या उन्हाळ्यासारखी पळापळ झाली नाही. लसीने, आणि आधीच्या संसर्गातून आलेल्या प्रतिकारशक्तीने, माणसे वाचवली. पण त्याच आकड्याने दाराच्या अटीचा पायाही हलवला. दोन डोस घेतलेल्यांनाही संसर्ग होत होता आणि त्यांच्याकडून इतरांना होत होता. लस घेणाऱ्याचा जीव वाचवते हे पक्के राहिले. डब्यातल्या शेजाऱ्याला ती किती वाचवते, हे आता सांगता येत नव्हते. अटीचा सगळा आधार तर तो शेजारीच होता.

त्याच महिन्यात केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले की संमतीशिवाय कुणालाही लस देण्याचे धोरण नाही आणि कोणत्याही कामासाठी लसीचे सर्टिफिकेट बंधनकारक करणारी कार्यपद्धती केंद्राने काढलेली नाही. केंद्र म्हणते बंधन नाही, राज्य म्हणते लोकलमध्ये पाऊल ठेवू नका. या विसंगतीत मुंबई उच्च न्यायालयातली सुनावणी रंगात आली. लस न घेतलेल्यांना लोकलबंदी करणाऱ्या आदेशांना एका सामाजिक कार्यकर्त्याने जनहित याचिकेतून आव्हान दिले होते. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती मकरंद कर्णिक यांच्या खंडपीठाने सरकारकडे साधी गोष्ट मागितली: निर्णय झाला त्या बैठकीची कागदपत्रे दाखवा. ती निघाली नाहीत. राज्य कार्यकारी समितीत विचारविनिमय करून निर्णय घेण्याची कार्यपद्धती होती. ती डावलून तत्कालीन मुख्य सचिव सीताराम कुंटे यांनी आदेश काढल्याचे फायलींवरून दिसले. फेब्रुवारीत खंडपीठाने ते आदेश कायद्याला धरून नसल्याचे आणि नागरिकांच्या हक्कांवर गदा आणणारे असल्याचे सांगितले. राज्याने साथ चांगली हाताळली आहे, मग ही बदनामी कशाला ओढवून घेता, असेही मुख्य न्यायमूर्तींनी सुनावले. सरकारने जुने आदेश मागे घ्यायची तयारी दाखवली, पण १ मार्चच्या नव्या नियमावलीत लोकलची अट पुन्हा आली. न्यायालयाने नाराजी व्यक्त केली. अखेर गुढीपाडव्याच्या तोंडावर, ३१ मार्चला, राज्य मंत्रिमंडळाने सगळेच निर्बंध उठवायचे ठरवले.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो त्यानंतर, २ मे २०२२ रोजी. बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितले की स्वतःच्या शरीरावरचा हक्क घटनेच्या २१व्या अनुच्छेदात येतो, कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही. याचिकाकर्त्याच्या बाजूने निकाल सर्वस्वी गेला असे मात्र नव्हे. केंद्राचे लसीकरणाचे धोरण न्यायालयाने अवाजवी मानले नाही, आणि सार्वजनिक आरोग्यासाठी व्यक्तीच्या हक्कांवर मर्यादा घालण्याचा सरकारचा अधिकारही मान्य केला. फक्त त्या मर्यादेला कायद्याचा आधार हवा, योग्य उद्देश हवा आणि ती त्या उद्देशाच्या प्रमाणात हवी. राज्यांच्या दारावरच्या अटी या शेवटच्या कसोटीला उतरल्या नाहीत. लस न घेतलेल्याकडून घेतलेल्यापेक्षा जास्त संसर्ग पसरतो हे दाखवणारी माहिती कुठल्याही सरकारने न्यायालयापुढे ठेवली नव्हती.

मी लसीच्या बाजूचा आहे आणि साथीच्या काळात काही दारे काही काळ अटीवर उघडावी लागतात, हेही मला पटते. म्हणूनच या आठ महिन्यांतली घिसाडघाई मला जास्त लागते. प्रामाणिकपणे रांगेत उभ्या असलेल्या पंचविशीतल्या कामगाराला आणि लसच नाकारणाऱ्याला सरकारने एकाच दाराबाहेर उभे केले, आणि त्यामुळे अटीची नैतिक बाजू पहिल्याच दिवशी लंगडी झाली. बैठकीचा एक कागद नीट केला असता तर कोर्टात आदेश टिकायला निदान आधार मिळाला असता. ओमिक्रॉननंतर आकडे तपासून सरकारने आपणहून अट शिथिल केली असती, तर लसीवर संशय घेणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळाले नसते.

पुढची साथ येईल तेव्हा हा वाद पुन्हा होईल, आणि तेव्हा मुख्य सचिवांच्या टेबलावर २०२१ च्या या तारखा असायला हव्यात. लस प्रत्येकाच्या गावात पोहोचून दोन डोसांचा काळ उलटेपर्यंत तिची अट घालू नये, आणि घातलीच तर चाचणीची दुसरी वाट ठेवावी. आदेश समितीत चर्चा करून, कारणे लिहून काढावा आणि त्यावर मुदत छापावी. रेशन, औषध आणि रोजी यांना अटीतून वगळावे. दुकानदाराला पोलीस करू नये. एवढे झाले तर दारावर दाखला मागणाऱ्या रखवालदाराला आणि तो काढून दाखवणाऱ्या माणसाला, दोघांनाही त्या मागणीमागचे कारण सांगता येईल. लोकशाहीत सक्तीला मान्यता मिळते ती अशा सांगता येण्याजोग्या कारणानेच.